कोयत्याचा हिशेब

दसरा-दिवाळीच्या सुमारास धाराशिव जिल्ह्यातल्या भूम, परंडा, वाशी, कळंबच्या गावांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्या जोडीच्या नावावर असते, बाईचा वेगळा हिशेब नसतो. एक दिवस काम चुकलं की खाडा धरून पैसे कापले जातात. मग कारण ताप असो, बाळंतपण असो की पाळी.

पहाटे अंधारात फडावर जायचं, डोक्यावर मोळी घेऊन गाडी भरायची आणि रात्री पालात झोपायचं. तिथे ना संडास, ना न्हाणीघर. अंगावरून जाणं, जंतुसंसर्ग अंगावरच काढले जातात. पुढे कुणीतरी 'पिशवी काढून टाका' म्हणतं आणि बाई तयार होते, कारण दुखण्यापेक्षा खाड्याची धास्ती मोठी.

शेजारच्या बीड जिल्ह्यात डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर 2019 साली आकडे आले: पाहणीतल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. म्हणजे दर सहा जणींमागे एक. देशात 15 ते 49 वयोगटात हे प्रमाण सुमारे 3 टक्के आहे.

बहुतेक टोळ्या भूमिहीन, अल्पभूधारक, दलित, वंजारी, बंजारा कुटुंबांच्या. जात, जमीन आणि बाईपण यांचा भार इथे एकाच शरीरावर येतो.

नीती आयोगाच्या 2018 च्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत उस्मानाबाद, म्हणजे आजचं धाराशिव, होतं. मात्र जिल्ह्यापुरत्या योजना ऊसतोड बाईपर्यंत सहज पोचत नाहीत, कारण ती निम्मं वर्ष जिल्ह्याबाहेर असते. तिची तपासणी आणि लेकरांचं लसीकरण फडापर्यंत पोचवणं ही कारखान्यांची आणि सरकारची जबाबदारी आहे.