बंब आणि मोरीचं भोक

इंदूरच्या लालबाग राजवाड्याजवळ भाड्याने घेतलेल्या जुन्या घरात आम्हाला एक तांब्याचा बंब आयताच मिळाला. खाली जाळी आणि राखेचं ताट, मधून वर जाणारी नळी, नळीभोवती पाणी, बाजूला पितळी तोटी. नळीच्या तोंडाला आधीच्या भाडेकरूने पत्र्याचा पाइप जोडून भिंतीबाहेर काढला होता. वायरिंग जुनं, गिझर पेलणार नाही म्हणून बंबच वापरायचं ठरलं.

इंदूरची थंडी पुण्याच्या माणसाला आधी खोटी वाटते. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली उतरतो आणि पहाटेच्या अंघोळीला पाणी कढत असूनही हुडहुडी सुटत नाही. अंगावर तांब्या ओतला की समोरून ऊब, पण घोट्यांवर बर्फासारखा वारा. हा वारा बंब पेटला की वाढायचा. विझला की कमी. हे लक्षात यायला मला आठ दिवस लागले.

मग मी न्हाणीघराच्या फटी बुजवायला घेतल्या. पेटती उदबत्ती दाराच्या चौकटीभोवती हळूहळू फिरवली, की जिथे धुराची रेघ आडवी पळते तिथे फट. उंबऱ्याखाली जुन्या लुगड्याची गुंडाळी, खिडकीच्या फुटक्या काचेवर पुठ्ठा, चौकटीत खळ लावलेला कागद. मोरीच्या भोकातूनही गार हवा येत होती, तिथे फडक्याचा बोळा कोंबला. एवढं करून ऐटीत बंब पेटवला. पाच मिनिटांत लाकडं नुसती धुमसू लागली, धूर पाइपातून वर जायचा तो जाळीखालून न्हाणीघरात. डोकं जड झालं, खोकत बाहेर आलो.

शेजारच्या काकू अंगणात तुळशीला पाणी घालत होत्या. म्हणाल्या, "अहो, सगळं बंद केलंत तर तो बिचारा जळणार कसा? त्याला हवा तर पाहिजे ना!"

मग कागदावर आकडे मांडले. किलोभर कोरडं लाकूड पुरतं जळायला निदान चार-पाच घनमीटर हवा लागते. आमचं न्हाणीघर सहा फूट बाय पाच, उंची आठ. म्हणजे जेमतेम सात घनमीटर. तापलेली हवा नळीतून वर जाते, तिची जागा भरायला बाहेरची गार हवा मिळेल त्या फटीतून आत शिरते. घोट्यांना लागणारा वारा बंबच ओढून आणत होता.

इथला राजवाडा आठवून गंमत वाटली. 1886 ते 1921 या काळात होळकरांनी बांधलेल्या या वाड्याचं स्वयंपाकघर कान्ह नदीच्या पलीकडच्या काठावर होतं, मधून भुयारी वाट. चूल आणि दिवाणखाना यांच्यात नदी! आम्हाला चार फुटांत भागवायचं होतं.

वारा थांबवता येत नसेल तर त्याला वाट नेमून द्यावी. उंबऱ्याची आणि चौकटीची बुजवणूक तशीच ठेवली, मोरीतला बोळा काढला. बंब उचलून मोरीच्या भोकासमोर वीतभरावर आणला, जाळीचं तोंड भोकाकडे. अंघोळीचा पाट समोरच्या कोपऱ्यात. पाइप बाहेर नेणारा सांधा मातीने लिंपला. आता गार हवा भोकातून सरळ जाळीखाली जाते, माझ्या पायांपर्यंत येतच नाही. ज्योतही तरतरीत, धूर जवळजवळ नाही, आणि तीन गोवऱ्या व दोन चिरफळ्यांत दोघांची अंघोळ होते.

डोकं का जड झालं होतं, ते नंतर समजलं. कोंडलेल्या आगीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत सिगडी घेऊन झोपलेल्यांच्या बातम्या उत्तरेकडे दर हिवाळ्यात छापून येतात. धूर दिसतो म्हणून आपण सावध होतो, पण लालभडक कोळशांना धूर नसतो, आणि धोका तिथेच जास्त.

तुमच्याकडे बंब असेल तर भोकातून उंदीर येतात म्हणून जाळी जरूर बसवा. भोक मात्र बुजवू नका.