रात्री राखण, सकाळी लेक्चर

सप्टेंबर-ऑक्टोबर आला की आमच्या वर्गातला एक मित्र पहिल्या लेक्चरला हमखास डुलक्या काढायचा. आम्हाला वाटायचं, रात्रभर वेब सीरिज बघत असणार. एकदा कॅन्टीनमध्ये त्यानेच खरं कारण सांगितलं. तो मुरबाड तालुक्यातल्या एका गावातून एसटीने कल्याणला येतो. भात पोसवलं की त्याच्या घरी राखण सुरू होते. एक रात्र वडील, एक रात्र हा. शेतातल्या माळ्यावर बसायचं, टॉर्च मारायचा, डबा वाजवायचा, ओरडायचं. रानडुकरं हाकलायला.

डोंबिवलीत वाढलेल्या माझ्यासारखीला डुक्कर म्हणजे नाल्याकाठी दिसणारं. रानडुक्कर वेगळं. माद्या आणि पिल्लं कळपाने फिरतात, मोठा नर बहुतेक वेळा एकटा असतो आणि त्याचं वजन शंभर किलोच्याही वर जाऊ शकतं. ते रात्री बाहेर पडतं, नाकाडाने जमीन उकरून कंद, मुळं, गांडुळं शोधतं. खातं थोडं आणि तुडवतं जास्त. एका वेतात चार-सहा पिल्लं सहज होतात. मुरबाड, शहापूरच्या पट्ट्यात जंगल आणि शेत यांच्यात बऱ्याचदा फक्त एक बांध असतो. पावसाळ्यात भात आणि नाचणी, नंतर भेंडी. वर्षभर कळपासाठी काही ना काही वाढलेलं असतंच.

मग पकडून का नेत नाहीत? हा प्रश्न मीही विचारला, कारण अमेरिकेतले व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिलेत. टेक्सासमध्ये गोल लोखंडी कुंपण उभारतात, आत मका टाकतात, कॅमेरा लावतात. अख्खा कळप आत आला की मोबाइलवरून दार पाडतात. अर्धाच कळप पकडला तर उरलेली डुकरं शहाणी होतात आणि पुन्हा पिंजऱ्याकडे फिरकत नाहीत, म्हणून ही वाट बघायची. पुढे अरुंद वाटेने हाकत त्यांना ट्रेलरमध्ये चढवतात. तिथे हे चालतं, कारण डुक्कर तिथलं नाहीच. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी ते नेलं आणि नंतर ते रानात पसरलं.

आपल्याकडे रानडुक्कर इथलंच आहे. ते वाघ-बिबट्यांचं खाद्य आहे आणि त्याला कायद्याचं संरक्षण आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या वाचली तेव्हा मी चाटच पडले. फक्त मारणं म्हणजे शिकार नव्हे. पकडणं, सापळा लावणं, फास टाकणं, आमिष दाखवणं, हे सगळं शिकारीतच येतं. म्हणजे व्हिडिओतला पिंजरा परवानगीशिवाय इथे लावला, तर तो गुन्हा.

तरीही फासक्या लागतात. कुंपणाच्या भोकात तारेचा फास, कुठे गावठी बॉम्ब, कुठे थेट घरच्या लाइनवरून सोडलेली वीज. फासकीला डुक्कर आणि बिबट्या यातला फरक कळत नाही. डुकरासाठी लावलेल्या फासात बिबटे अडकल्याच्या बातम्या राज्यात सतत येतात. बिबट्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद आहे. वीज सोडलेल्या तारेला चिकटून तर माणसंही गेली आहेत, कधी शेजारच्या शेतातली, कधी घरातलीच.

वन्यप्राणी पकडायचं काम किती कठीण असतं, हे ठाण्याने पाहिलंय. २० फेब्रुवारी २०१९ ला कोरम मॉलच्या सीसीटीव्हीत बिबट्या दिसला. नोव्हेंबर २०२२ मध्ये कल्याण पूर्वेच्या एका इमारतीत बिबट्या शिरला. दोन्ही वेळा वनविभाग आला, भुलीचं इंजेक्शन, जाळी, पिंजरा, गाडी अशी सगळी तयारी लागली. एका जनावरासाठी अनेक तास गेले. चॅनलवाले आले, रील्स झाल्या. शेतात रोज रात्री येणाऱ्या कळपामागे अशी टीम धावणं शक्य नाही. आणि तिथे कॅमेराही नसतो.

मग कायदेशीर मार्ग काय? पहिला, नुकसानभरपाई. पीक गेलं की तीन दिवसांच्या आत वनविभागाकडे तक्रार करायची, मग पंचनामा होतो. दुसरा, परवानगी. पिकाला धोका असेल तर प्राणी मारायची मुभा कायद्यातच आहे. महाराष्ट्राने २०१५ मध्ये रानडुक्कर आणि नीलगायीसाठी ही परवानगी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या पातळीवर आणली. पण मारलेलं जनावर सरकारचं, मटण घरी नेता येत नाही. तिसरा, सौर कुंपण. त्यातला करंट क्षणभराचा असतो. झटका बसतो, जीव जात नाही.

कागदावर हे सोपं वाटतं. पण दिवसभर कापणी, रात्रभर राखण करणारा माणूस तीन दिवसांत अर्ज, सातबारा, फोटो गोळा करून तालुक्याला कधी जाणार? मित्राच्या घरी दोन वर्षं नुकसान झालं आणि एकदाही अर्ज गेला नाही. गावात कोणी तरी फासकीचा सल्ला दिला होता. तार स्वस्त आणि लगेच मिळते. वडिलांनी लावली नाही, कारण त्याच बांधावरून घरची गुरं जातात. फासकीपासून त्यांना थांबवलं ते गुरांनी, कायद्याने नव्हे. ही गोष्ट मला जास्त टोचली.

इथे आपल्यासारख्यांचं काम सुरू होतं. तुमच्या वर्गातही मुरबाड, शहापूर, वाड्याचा कोणी असेलच. फोन प्रत्येकाकडे आहे. तुडवलेल्या पिकाचे, पावलांच्या ठशांचे फोटो त्याच सकाळी काढून ठेवता येतात. अर्ज टाइप करता येतो. वनविभागाचा १९२६ हा टोल फ्री नंबर गावच्या ग्रुपवर टाकता येतो. फासकी दिसली तर त्याच नंबरवर कळवता येतं. एनएसएसचा कॅम्प अशाच गावात असतो, तिथे एक दिवस या अर्जांसाठी ठेवायला काय हरकत आहे?

यंदा ऑक्टोबरमध्ये डुकरं आली त्याच सकाळी मित्राने शेतातूनच फोटो पाठवले. आम्ही दोघांनी लायब्ररीत बसून अर्ज लिहिला, दुसऱ्या दिवशी तो पोचता झाला. पंचनामा झालाय, पैसे यायचे आहेत. राखण अजून चालूच आहे. आता तो पहिल्या लेक्चरला डुलकी काढतो तेव्हा आम्ही त्याला उठवत नाही, नोट्स तेवढ्या देतो.