खिशांतील पुस्तक आणि बांधावरील झाड

शेतकऱ्यास आपल्या बांधावरील झाड ओळखतां येत नाहीं असें म्हणणें धाडसाचें होईल. ज्याच्या सावलींत लहानपणापासून न्याहारी केली तें झाड त्यास पुस्तकावांचूनच ठाऊक असतें. परंतु झाडाची ओळख निराळी आणि त्याचें नांव निराळें. एका गांवचें नांव दुसऱ्या गांवीं चालत नाहीं, आणि कित्येकदां एकच नांव दोन भिन्न झाडांस मिळतें. रोपवाटिकेंतून रोप आणावयाचें असो, फवाऱ्यासाठीं अर्क करावयाचा असो, वा झाड तोडण्याची परवानगी मागावयाची असो, नांव चुकलें कीं पैसा व श्रम फुकट जातात. प्रसंगीं जनावरही गमवावें लागतें. सबब वृक्ष ओळखण्याचीं जीं लहान पुस्तकें मिळतात, त्यांचा उपयोग कसा करावा याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

आपला परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. त्यामुळें थिओडोर कुक यांनीं १९०१ ते १९०८ या काळांत मुंबई इलाख्यांतील वनस्पतींचा जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याच्या कक्षेबाहेर आपला मुलूख राहिला. मराठवाड्यांतील वनस्पतींचा स्वतंत्र ग्रंथ व्ही. एन. नाईक यांनीं १९९८ सालीं सिद्ध केला. पण तो अभ्यासकाच्या मेजावरचा ग्रंथ होय, शेतांत घेऊन जाण्याचा नव्हे. पिशवींत मावणाऱ्या पुस्तकांपैकीं फादर सांतापाव यांचें 'कॉमन ट्रीज' हें पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टनें १९६६ सालीं काढलें. पुढें रंगीत चित्रांचीं पुष्कळ पुस्तकें निघालीं. परंतु त्यांपैकीं बरींच सह्याद्रि, पुणें किंवा दिल्ली डोळ्यांपुढें ठेवून लिहिलेलीं आहेत. तीं वाचतांना काळ्या जमिनीच्या माणसानें सावध असावें.

अंजनाचेंच उदाहरण घ्या. घाटमाथ्याविषयींच्या पुस्तकांत अंजन किंवा अंजनी म्हणून जें झाड सांगितलेलें असतें, तें लहानसें, जाड व साध्या पानांचें असून निळ्या फुलांनीं भरून जातें. मराठवाडा-खानदेशाकडचा अंजन म्हणजे अगदीं निराळा वृक्ष. तो उंच वाढतो, त्याचें लांकूड अत्यंत कठीण, पाला गुरांस उपयोगी, आणि प्रत्येक पान दोन दळांचें असतें. पहिल्याचें शास्त्रीय नांव मेमेसिलॉन, दुसऱ्याचें हार्डविकिया. शास्त्रीय नांव हें पांडित्याकरितां नसून असा घोटाळा टाळण्याकरितां आहे.

आतां पाहण्याची रीत. पुस्तकांतील चित्र आधीं पाहूं नये. झाड आधीं पाहावें. प्रथम पान साधें कीं अनेक दळांचें, हें ठरवावें. त्याची खूण सोपी आहे: पानाच्या देंठाच्या बगलेंत कोंब असतो, दळाच्या बुडाशीं तो नसतो. नंतर पानें समोरासमोर आहेत कीं एकाआड एक, कांटे सरळ कीं आंकड्यासारखे, फुलें गोंड्यांत कीं तुऱ्यांत, शेंग कशी, हें क्रमानें पाहावें आणि कागदावर टिपावें. मग पुस्तक उघडावें. दोन खुणा जुळल्यावांचून नांव मानूं नये, आणि तिसरी स्पष्टपणें विरुद्ध गेली तर तें नांव सोडून द्यावें.

ही रीत आपल्याकडील कांटेरी झाडांवर चालवून पाहावी. बाभळीचे कांटे पांढरे, सरळ व जोडीनें असतात, फुलांचे गोंडे पिवळे, आणि शेंग माळेंतील मण्यांप्रमाणें बियांमध्यें आंवळलेली. हिवराची साल फिकट. त्याचेही गोंडेच, पण फिकट पांढुरके व फांदीच्या टोंकाशीं मोठ्या झुबक्यांत. खैराचे कांटे आंकडीदार, फुलें तुऱ्यांत आणि शेंग चपटी व तपकिरी. वेडी बाभूळ अमेरिका खंडांतून आलेली. तिचीं फुलेंही तुऱ्यांत, परंतु शेंग जाड, गवती रंगाची व गोड. हा भेद केवळ जिज्ञासेचा नाहीं. महाराष्ट्रांत १९६४ सालीं झालेल्या वृक्षतोड नियमनाच्या अधिनियमानें साग, मोह, चिंच, आंबा, जांभूळ यांबरोबर खैरासही अनुसूचींत घातलें आणि तो तोडण्यास परवानगी आवश्यक केली. बाभूळ समजून खैरावर कुऱ्हाड घालणाऱ्याची अडचण वाचकांनींच ओळखावी.

कडुनिंब आणि बकाण यांचेंही तसेंच. कडुनिंबाच्या पानाला एकाच दांड्यावर दोहों बाजूंस दळें असतात; बकाणाच्या दांड्यास पुन्हां फांटे फुटतात व त्यांवर दळें येतात. कडुनिंबाचें फूल पांढरें, बकाणाचें जांभळट. निंबोळी लांबट, ती पावसाच्या तोंडाशीं पिकून गळते. बकाणाचें फळ गोल, तें हिंवाळ्यांत निष्पर्ण झाडावरही घोसांनीं लोंबत राहतें. कपाशीवर फवारण्याचा पांच टक्क्यांचा अर्क, म्हणजे शंभर लिटर पाण्यास पांच किलो निंबोळी, हें प्रमाण कडुनिंबासाठीं ठरलेलें आहे. बकाणाचीं फळें तर पोटांत गेल्यास जनावरांस विषबाधा करितात. तीं गोठ्याजवळ वाळत घालणें धोक्याचें होय.

शास्त्रीय नांवेंही केव्हां केव्हां बदलतात, हें ध्यानांत असावें. २००५ सालीं व्हिएन्ना येथील वनस्पतिशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय परिषदेंत अकेशिया हें नांव ऑस्ट्रेलियाकडील झाडांकरितां राखण्याचें ठरलें. तेव्हांपासून जुन्या पुस्तकांतील अकेशियांपैकीं बाभूळ व हिवर हीं व्हॅचेलियांत, तर खैर सेनेगालियांत गणला जाऊं लागला. नांव बदललें म्हणून झाड बदलत नाहीं. दोन्ही नांवें शेजारीं लिहून ठेवावीं.

शेवटीं एक सूचना. पुस्तक कोरें ठेवूं नये. ज्या पानावर झाड जुळेल त्याच्या समासांत आपल्या गांवचें नांव, शिवार, आणि फूल-फळ कोणत्या महिन्यांत दिसलें तें लिहावें. पळस, पांगारा, सांवर हीं फाल्गुनांत निष्पर्ण असतांना फुलतात; तेव्हां त्यांचीं पानें पावसाळ्यांत पुन्हां पाहावीं. जिंतूरच्या डोंगराकडील आणि गोदाकांठच्या गंगाखेडकडील शेतकऱ्यांनीं अशा नोंदी ताडून पाहिल्या, तर परक्या मुलुखासाठीं लिहिलेलें पुस्तकही दोन वर्षांत आपल्या जिल्ह्याचें होईल. गांवांतील वृद्धांच्या जिभेवर असलेलीं नांवें त्यांच्याबरोबर जाण्यापूर्वीं कागदावर यावींत, अशी आमची वाचकांस आग्रहाची विनंती आहे.