आपल्या नळाचे पाणी

सोलापुरात पाऊस झाला नाही म्हणजे नळ आटतो, अशी पुष्कळांची समजूत असते. विद्यार्थिमित्रहो, आपल्या घागरीत पडणारे बहुतेक पाणी सोलापूरच्या पावसाचे नव्हेच. १८७१ साली पुरा झालेला एकरुख तलाव, ज्यास आपण हिप्परगा तलाव म्हणतो, तो जवळ आहे खरा. परंतु वाढलेल्या शहरास तो एकटा कोठून पुरणार? आपले पाणी सह्याद्रीच्या माथ्यावर पडते, पुणे जिल्ह्यातील खडकवासला, पवना इत्यादि धरणांतून उतरते आणि भीमेवरील उजनी जलाशयात साठते. म्हणजे पुण्याकडे पाणी किती अडवावे याचा जो निर्णय होतो, त्याचा परिणाम आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येतो.

उजनीत सुमारे ११७ टी.एम.सी. पाणी मावते, पैकी सुमारे ६३ मृतसाठा होय. पातळी त्याखाली गेली की वर्तमानपत्रे 'उणे' असे छापतात. पाणी दिसत असते, परंतु कालव्यास मिळत नाही. नळवाहिनीसाठीही मग दुबार पंपिंग करावे लागते. २०२४ च्या जानेवारीतच उपयुक्त साठा संपून असा प्रसंग आला होता.

उजनीहून पाणी शहराकडे दोन वाटांनी येते. एक वाट सुमारे ११० किलोमीटर लांबीच्या नळवाहिनीची. दुसरी नदीची: भीमेत सोडलेले पाणी पंढरपुरावरून औज बंधाऱ्यापर्यंत जाते व टाकळी येथील पंप ते उचलतात. या वाटेत वाळू पाणी पिते, ऊन पिते आणि उसाच्या मळ्यांवरील मोटारीही पितात. म्हणून शहर पिते त्याच्या कितीतरी पट पाणी सोडावे लागते. ते मध्येच उपसले जाऊ नये म्हणून नदीकाठची वीज तोडण्यात येते. ऊस डोळ्यांदेखत वाळत असता समोरून वाहणारे पाणी उचलू नये, हे त्या शेतकऱ्यास जड जाते. आम्हांस त्याचा राग अनाठायी वाटत नाही. शिवाय इकडे टाकळीची वीज गेली, तर इतका खटाटोप होऊनही नळ कोरडाच.

पावसाळ्यात चिंता उलटी होते. धरण लवकर भरून घ्यावे तर मागून लोंढा आल्यास जागा उरत नाही. रिते ठेवावे आणि पाऊस उघडला तर उन्हाळा कसा काढावा? २०२४ सालीच ऑगस्टात, उण्यात गेलेले ते धरण भरून नदीत पाणी सोडण्याची पाळी आली. दौंड येथून उजनीत येणाऱ्या विसर्गाचा आकडा त्या दिवसांत रोज छापला जातो. तो वाढावा म्हणून सोलापूरकर पाहत असतात. चंद्रभागेच्या काठचा पंढरपूरकर मात्र तोच आकडा पाहून घरातील सामान वर उचलून ठेवू लागतो.