कोणाला काय करू द्यावे?

चंद्रपूर-गडचिरोलीकडील माणसाला परवाना म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. निस्ताराचे सरपण आणणे निराळे, बांबू तोडणे निराळे आणि तोडलेला बांबू गाडीत घालून वननाक्यापलीकडे नेणे निराळे, हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. आजचा विषय संगणकांच्या समूहातील परवानग्यांचा आहे. पण त्याच्या मुळाशी हेच तीन प्रश्न आहेत. कोणी? काय? आणि कोठे?

प्रथम हा समूह म्हणजे काय ते पाहू. आज मोठमोठ्या सेवा एका यंत्रावर चालत नाहीत. प्रोग्राम आणि त्याला लागणारी सर्व सामग्री एकत्र बांधून जे गाठोडे करतात, त्याला कंटेनर म्हणतात. अशी शेकडो गाठोडी अनेक संगणकांवर वाटून देणे, एखादे बंद पडताच त्याच्या जागी दुसरे उभे करणे, हे काम करणारा कारभारीही एक प्रोग्रामच असतो. त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध तो कुबरनेटिस. गूगल कंपनीने तो २०१४ साली सर्वांसाठी खुला केला. नाव ग्रीक आहे. अर्थ सुकाणू धरणारा. त्याच्या हाताखालच्या संगणकसमूहाला क्लस्टर म्हणतात.

एका क्लस्टरवर अनेकांचे हात फिरतात. सर्वांना सर्व अधिकार देऊन टाकले, तर काम झटपट होते खरे. परंतु दार उघडे राहिले म्हणजे काय होते, हे टेस्ला या अमेरिकन मोटार कंपनीच्या उदाहरणावरून दिसले. तिच्या एका क्लस्टरचे नियंत्रण-पटल परवलीच्या शब्दावाचून उघडे राहिल्याचे २०१८ साली उघडकीस आले. परक्यांनी आत शिरून तिच्याच यंत्रांवर आभासी चलन काढण्याचा उद्योग चालविला होता. आतील किल्ल्याही त्यांच्या दृष्टीस पडल्या होत्या.

यावर कुबरनेटिसमध्ये जी व्यवस्था आहे, ती २०१७ साली पक्की झाली. तिचे तत्त्व असे की, अधिकार कामाला जोडावा आणि काम माणसाला जोडावे. ‘रोल’ म्हणजे कामाची सनद. कोणत्या वस्तूवर कोणती क्रिया करता येईल, म्हणजे पाहणे, यादी मागणे, निर्माण करणे, बदलणे की पुसणे, एवढेच तिच्यात लिहिलेले असते. कोणाचे नाव नसते. ती सनद अमक्या माणसाला दिली, असा वेगळा कागद म्हणजे ‘रोलबाइंडिंग’. माणूस काम सोडून गेला की हा कागद फाडावयाचा. सनद पुढच्या माणसासाठी तशीच राहते.

तिसरा प्रश्न ‘कोठे’ हा. ताडोब्यात मोहर्लीच्या दाराचा परवाना कोलाऱ्याच्या दारी चालत नाही. तसेच क्लस्टरचे ‘नेमस्पेस’ नावाचे विभाग पाडलेले असतात आणि एका विभागातील सनद दुसऱ्यात निरुपयोगी ठरते. सर्व विभागांत चालणारी सनदही असते. ती मात्र मोजक्या हातीच द्यावी. येथे ‘अमुक करू नये’ असा नियम लिहिताच येत नाही. जे दिले नाही ते मुळातच मना; आणि दिलेल्या सनदा एकमेकींत मिळतच जातात. म्हणून देतानाच विचार हवा.

हा विचार वरवरचा चालत नाही. विभागातील गुप्त किल्ल्या वाचण्याची एखाद्याला मनाई आहे, पण नवे कंटेनर उभे करण्याची मुभा आहे, असे समजा. तो त्या किल्ल्या आपल्या कंटेनरात घालून खुशाल वाचू शकतो. तिजोरीला हात लावू नकोस, पण तिजोरीवर आपला माणूस नेम, असे म्हणण्यासारखेच हे झाले!

अधिक देण्यात धोका आहे, तसा अपुरे देण्यात अन्याय आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. कायद्याने बांबू हे गौण वनोपज, तो गावाचा. परंतु वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार वनखात्याकडेच राहिला. जो बांबू बाजारात नेता येत नाही, त्याच्यावरील मालकी कसली? अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले, तेव्हा हक्क पुरा झाला. सनदेत एक क्रिया गाळली तर सारी सनद लंगडी होते, हे यावरून कळावे.

मेंढ्याच्या या घटनेत आणखी एक बोध आहे. ग्रामसभेला स्वतः परवाने देता येऊ लागले. कुबरनेटिसमध्येही विभागाच्या प्रमुखाला आपल्या विभागापुरत्या सनदा देण्याचा अधिकार देता येतो. मात्र जी सत्ता त्याची स्वतःची नाही, ती त्याला दुसऱ्यास देता येत नाही. दर वेळी मुख्य कचेरीकडे धाव घ्यावी लागू नये आणि मर्यादाही सुटू नये, अशी ही योजना आहे.

तात्पर्य, सनद लिहिणाऱ्याने माणसाचा हुद्दा पाहण्याआधी त्याचे काम पाहावे, ते पुरे होण्यास लागणाऱ्या सर्व क्रिया मोजाव्यात आणि तेवढ्याच द्याव्यात. काम संपल्यावर दिलेले परत घेण्याची आठवणही ठेवावी. जंगल असो वा यंत्र, विश्वासाचा कारभार अशा चोख हिशेबावरच टिकतो.