अंगणातली परीक्षा

मुंबईत १९९५च्या सुमारास माधव चव्हाण आणि फरिदा लांबे यांनी ‘प्रथम’चे काम सुरू केले, तेव्हा ध्यास एकच होता: झोपडपट्टीतले प्रत्येक मूल शाळेत गेले पाहिजे. चव्हाण मूळचे रसायनशास्त्रज्ञ, अमेरिकेतून डॉक्टरेट मिळवून परतलेले. देवळात, कुणाच्या घरात, जागा मिळेल तिथे बालवाड्या भरू लागल्या. मुले शाळेत पोहोचली, आणि तिथेच धक्का बसला. वरच्या वर्गात गेलेल्या कित्येकांना साधे वाक्यही वाचता येत नव्हते.

मूल नेमके कुठे अडले आहे, हे कळल्याखेरीज शिकवायचे काय? ज्याला वाचताच येत नाही, त्याची कोरी उत्तरपत्रिका काहीच सांगत नाही. या पेचातून जे हाती आले, ते थक्क करणारे साधे होते. एकच कागद! त्यावर अक्षरे, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार वाक्यांचा उतारा आणि दुसरीची छोटी गोष्ट. उतारा मुलापुढे ठेवायचा. अडखळले तर शब्दांकडे, तेही जमेना तर अक्षरांकडे वळायचे. सरसर वाचले तर गोष्ट द्यायची.

२००४ साली केंद्राने शिक्षणासाठी २ टक्के उपकर लावला. या पैशातून मुले शिकतात का, हे कोण पाहणार? रुक्मिणी बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी तो कागद खेड्याखेड्यांत नेला. पाहणीचे नाव ‘असर’, साल २००५. नागपूर जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यात आजही ती अशीच होते: गावाचे चार भाग पाडायचे, डाव्या हाताचे दर पाचवे घर गाठायचे. मूल अंगणात वाचायला बसते. आई दारात उभी, शेजारी गोळा झालेले. अक्षरावरून बोट पुढे सरकत नाही, तेव्हा सारे अंगण चिडीचूप होते.

पहिल्याच अहवालाने देश हादरला. ७ ते १४ वयोगटातल्या सुमारे ३५ टक्के मुलांना पहिलीचा उतारा वाचता येत नव्हता; दुसरीची गोष्ट जवळजवळ ६० टक्क्यांना.

निदान झाले, उपाय मात्र हुलकावणी देत राहिला. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात गावोगावी सभा घेतल्या, पालकांना माहिती दिली. शाळा जागच्या हलल्या नाहीत. त्याच जिल्ह्यात गावच्या तरुण स्वयंसेवकांनी वाचनवर्ग चालवले, आणि तिथे येणारी मुले वाचू लागली. हे तपासून पाहणाऱ्या संशोधकांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते. २०१९च्या नोबेलमध्ये दोघांचा वाटा होता.

२०११च्या अखेरीस ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीचा निकाल आला. भारतातर्फे हिमाचल प्रदेश आणि तमिळनाडू उतरले होते. ७४ सहभागींत त्यांच्या खाली फक्त किर्गिझस्तान. प्रश्न भारतीय संदर्भातले नव्हते, अशी तक्रार झाली आणि पुढच्या फेऱ्यांतून देशाने अंग काढून घेतले. मला ती माघार आजही सलते. अंगणातला कागद तर मुलाच्या ओळखीच्या भाषेत होता, आणि त्याने सहा वर्षे आधीच सारे सांगितले होते.

तोवर तो सीमा ओलांडून गेला होता. पाकिस्तानात, केनियात, टांझानियात, युगांडात मुले अंगणात बसून वाचत होती: अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट.