चार बोटं अंतर

पहिल्या वर्षाला एका सीनिअर ताईकडून मी हाडांचा अर्धा सेट विकत घेतला होता. सुट्टीत तो चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या गावी, जिवतीला आणला, तर आईने पिशवी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. आठवडाभर ती गोठ्यात खुंटीला टांगलेली, आणि माझा अभ्यासही तिथेच, बैलांसमोर.

त्या सेटमधल्या नडगीच्या हाडाला खाली, घोट्याजवळ, पुढच्या कडेवर नखाएवढी गुळगुळीत जागा आहे. तोंडी परीक्षेत ती हमखास विचारतात: ‘स्क्वॉटिंग फॅसेट’. माणूस उकिडवा बसला की घोट्याचं हाड नडगीच्या कडेला टेकतं, आणि वर्षानुवर्षं टेकून तिथे अशी खूण उमटते. लाहोरला शरीररचनाशास्त्र शिकवणाऱ्या हॅवलॉक चार्ल्स यांनी १८९३ मध्ये पंजाबी माणसांच्या हाडांवरून याबद्दल सविस्तर लिहिलं. खुर्चीवर आयुष्य काढणाऱ्यांच्या हाडावर ही खूण सहसा दिसत नाही. म्हणजे माझ्या पिशवीतला माणूस चुलीपुढे, शेतात, नदीकाठी उकिडवं बसणारा होता. आईला हे सांगितलं. ती म्हणाली, “मग तर अजूनच आत आणू नको. आपल्यातलाच कुणीतरी असंल.”

फिजिओथेरपी मला लहानपणापासून खुणावत होती वगैरे काही नाही. ‘नीट’मध्ये एमबीबीएसला पुरतील इतके मार्क पडले नाहीत. पसंतीक्रमाच्या फॉर्मवर खाली बी.पी.टीएच. लिहिलं होतं, नंबर नागपूरला लागला. वर्गातल्या निम्म्यांची गोष्ट हीच. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम, त्यातले शेवटचे सहा महिने इंटर्नशिप, पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. (आता आमच्यासारख्या आरोग्यसेवा व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाने नवा अभ्यासक्रम आणलाय, तो पाच वर्षांचा आणि त्यात इंटर्नशिप वर्षभराची.) पैशांचं म्हणाल तर, आमचे आजोबा १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून या पहाडावर आले. जमीन कसतो, पण तिच्यावर वनविभागाची नोंद, सातबारा नाही. शैक्षणिक कर्ज मागायला गेलो तेव्हा तारण काय, या प्रश्नावर माझे वडील, अण्णा, नुसते हसले. फी दोन वर्षांच्या कापसावर आणि मामांवर निघाली.

पहिलं वर्ष जवळजवळ डॉक्टरकीसारखंच जातं: शरीररचना, शरीरक्रिया, मृतदेहावरचं विच्छेदन. फरक दुसऱ्या वर्षी कळतो. तिथे स्नायू पाठ करून भागत नाही, हाताने मोजावा लागतो. शून्य म्हणजे काहीच हालचाल नाही. एक म्हणजे बोटाखाली नुसती थरथर. दोन म्हणजे आडवं सरकवता येतं, उचलता येत नाही. तीनला अवयव जमिनीच्या ओढीविरुद्ध उचलला जातो. चार आणि पाचला आम्ही वरून दाबतो आणि रुग्ण झुंजतो. ही पद्धत पोलिओने शिकवली. बोस्टनमध्ये रॉबर्ट लोव्हेट आणि त्यांच्या सहकारी विल्हेल्मिन राइट यांनी १९१० च्या सुमारास पोलिओ झालेल्या मुलांचे स्नायू असे तपासायला सुरुवात केली. आपल्याकडेही हे शिक्षण पोलिओमागूनच आलं: देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या केईएम रुग्णालयात निघाली. भारतातला वाइल्ड पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण २०११ चा. आमच्या बॅचने हातात घेतलेले बहुतेक पाय लकव्याचे, अपघाताचे, सांधेदुखीचे. मोजपट्टी मात्र तीच.

सांध्यासाठी दुसरी मोजपट्टी, गोनिओमीटर. कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोन लांब हात फुटलेत असं समजा. चालताना गुडघा साधारण साठ अंश वाकतो. जिना चढायला, खुर्चीतून उठायला नव्वद-शंभरपर्यंत लागतात. परीक्षेत मी हे आकडे धडाधड सांगितले आणि चांगले मार्क घेतले.

तिसऱ्या वर्षाच्या पावसाळ्यात अण्णा खताची गोणी पाठीवर घेऊन ओढा ओलांडताना घसरले. नडगीचं हाड थेट गुडघ्याच्या सांध्यात फुटलं. चंद्रपूरला प्लेट बसवली. पाय बरेच दिवस जागच्या जागी राहिला आणि गुडघा धरला. व्यायाम सुरू झाले. पुढे तपासणीच्या कागदावर आलं: नव्वद अंश, समाधानकारक. चुकीचं काहीच नव्हतं. मीही तेच लिहिलं असतं. घरी गेले तर अण्णा ओट्यावर पाय लोंबकळत सोडून बसलेले.

“समाधानकारक म्हणायलेत,” ते म्हणाले. “पण संडासला कसं बसू? पंगतीत कसं बसू? तूर कापायची कशी?”

आमच्या घरात खुर्ची एकच, प्लास्टिकची, तीही पाहुण्यांची. उकिडवं बसायला एकशेतीसच्या वर लागतात. पुस्तकातला तक्ता खुर्चीच्या देशातला. त्यात अण्णा ‘चालतात, जिना चढतात’. जिवतीत जिना आहे कुठे?

मग मी शिकलेलं सगळं घरात शोधत बसले. टाच सरकवायचा व्यायाम कॉलेजात पावडर टाकलेल्या फळीवर करतात. मी युरियाची रिकामी गोणी अंथरली, तिच्यावर टाच सरसर जाते. वाळूच्या पट्ट्याऐवजी जुन्या मोज्यात किलोभर तूर. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती खाली दाबून पाच मोजायचं. अण्णा पाच मोजायला पंचवीस सेकंद घेतात, ते चांगलंच.

त्यांना हे सगळं पोरखेळ वाटलं. “तुमच्याकडं करंट नाही का?” हा प्रश्न मला ओपीडीत रोज ऐकू येतो. मशीन लावलं की लोकांना उपचार झाल्यासारखं वाटतं. व्यायाम सांगितला की आपल्याला कटवलं असं वाटतं. खरं म्हणजे करंटने दुखणं काही वेळ कमी होतं, धरलेला सांधा त्याने सुटत नाही. आणि शेक तर आमच्या भागात जपूनच द्यावा. कुष्ठरोगात त्वचा बधिर होते, मधुमेहातही पावलं बधिर होतात. तापलेली वीट लागली तरी कळत नाही, फोड आल्यावर दिसतो. म्हणून गरम आणि थंड पाण्याच्या नळ्या लावून, रुग्णाला डोळे मिटायला सांगून, आधी विचारायचं: आता काय लागलं? ओपीडीत एका आजोबांनी पाचही वेळा ‘थंड’ सांगितलं. त्यांना शेक नाही, रोज पंधरा-वीस मिनिटं कोमट पाण्यात हात भिजवून, तेल लावून, वाकलेली बोटं दुसऱ्या हाताने सरळ करायला शिकवलं. पाणी सुनेनं बघून द्यायचं.

बसण्याचं बोलतेय तर बाबा आमटे आठवतात, आमच्याच जिल्ह्यातले, वरोऱ्याचे. मणक्याच्या आजाराने त्यांना बसताच येत नसे. उभं राहायचं नाहीतर आडवं पडायचं. १९८५ ची कन्याकुमारी ते काश्मीर ‘भारत जोडो’ यात्रा त्यांनी गाडीत आडवं पडून केली. अण्णांना हे सांगितलं, तर म्हणाले, “ते बाबा होते. मला कापूस वेचायचाय.”

फिजिओने नावाआधी ‘डॉक्टर’ लावावं की नाही, यावर सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीत आरोग्य सेवा महासंचालनालयाने मनाईचं पत्र काढलं आणि लगेच मागेही घेतलं. आमच्या ग्रुपवर रात्रभर भांडण. गावात हा प्रश्न नाही. गावात मी ‘मालीशवाली’.

मी नागपूरला परतले, गोनिओमीटर माझ्यासोबत आला. आता अण्णांचा गुडघा मोजायचा कुणी? त्याला एक जुनी सोय आहे, दवाखान्यातही वापरतात: पालथं झोपवायचं, टाच कुल्ल्याकडे न्यायची आणि मध्ये किती अंतर उरतं ते बघायचं. टेप नसेल तर बोटांनी. आईला दाखवून आले. जोर लावून दाबायचं नाही, ते स्वतः नेतील तेवढंच, हेही बजावलं. दर रविवारी तिचा फोन येतो. सुरुवातीला ‘एक वीत आणि वर’ होतं. दिवाळीनंतर वीतभर. संक्रांतीला सहा बोटं.

गेल्या रविवारी म्हणाली, “चार.”

मी विचारलं, “कुणाची बोटं गं? तुझी की त्यांची?”

“माझी,” आई म्हणाली. “त्यांची लावली असती तर तीनच भरली असती.”